बठ्ठासले एकच

अक्कांचं वांगं मेलं, त्याला आता तीन महिने होतील. ते कोणी मारलं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना चुकीचं माहीत आहे. खरं काय ते मला माहीत आहे. मी दिपमाला, या घरची सून, शेतीची पदविका घेतलेली, आणि त्या पदविकेचा मला फार माज होता.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, भिकुबाई. गावात त्यांना सगळे अक्काच म्हणतात. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कापसाची गाडी घेऊन फैजपूरकडे जाताना कुणाच्या तरी मळ्यात भरीत खाल्लं, ते जिभेवर राहिलं, म्हणून येताना एक पिकलेलं वांगं धोतराच्या सोग्यात बांधून आणलं. त्याचं बी अक्कांच्या आईने धरलं आणि लग्नात लेकीबरोबर दिलं. फिकट हिरवं, बुडाशी पांढऱ्या रेघा, हातात घेतलं तर हात खाली जाईल एवढं मोठं, आणि आत बी जेमतेम. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या आगीवर भाजलं की साल एका ओढीत निघून यायची. अमळनेरच्या बाजारात अक्का ती वांगी घेऊन बसायच्या तेव्हा बायका आधी वांगं बघायच्या नाहीत, अक्का आल्यात का ते बघायच्या.

दरवर्षी दोन वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची, बी काढायचं, राखेत चोळायचं, आणि एका पत्र्याच्या गोल डबीत घालून देवघराच्या फळीवर ठेवायचं. एवढा अक्कांचा नेम. मध्ये दोन वर्षं गुडघ्याच्या दुखण्यात गेली. लावणी झाली नाही, नवं बी धरलं गेलं नाही. डबीत उरलं ते जुनं. वांग्याचं बी जुनं झालं की उगवत नाही, हे अक्कांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून या मे महिन्यात त्यांनी डबी माझ्यासमोर उपडी केली. मागे काही ठेवलं नाही.

त्यांना ते मातीच्या वाफ्यात टाकायचं होतं. मी म्हटलं, ट्रेमध्ये टाकू, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात. उगवण चांगली होते. आमची रोपांची नर्सरीच आहे, अमळनेर-धुळे रस्त्याला लागून. हिरव्या जाळीखाली हजारो रोपं आम्ही तशीच करतो. अक्कांनी भुसा चिमटीत घेऊन बघितला.

"माती माय शे वं. चूक पोटमा घालस. हाई भुसकट आपलं कोन शे?"

माती आई आहे, चूक पोटात घालते, हा भुसा आपला कोण? मी हसले. त्यांनीही मग हट्ट केला नाही. शिकलेली सून आहे, म्हणाल्या, तिला कळतं. ते मूठभर जुनं बी मी एकेका खाचेत पेरलं, आणि बाराव्या दिवसापर्यंत एक्केचाळीस रोपं वर आली. वाफ्यात दहाही आली नसती, हे मी आजही म्हणेन. अक्का रोज सकाळी चहाच्या आधी ट्रेपाशी जाऊन मोजायच्या. एक्केचाळीस भरली की चहा प्यायच्या.

आता माझा नवरा. प्रेमराज हा बोलणारा माणूस आहे. त्याने बोललेलं खरं असतंच असं नाही, पण ते ऐकायला बरं वाटतं, आणि नर्सरीच्या धंद्यात तेवढं पुरतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने एका पावडरीची एजन्सी घेतली. 'एकांकुर' तिचं नाव. झाडाला लागणारं सगळं अन्न एकाच पुड्यात: नत्र, स्फुरद, पालाश, बारीकसारीक सगळं. पाण्यात विरघळवा आणि द्या. पावडर वाईट नव्हती. मी पुड्यावरचा तक्ता वाचला होता, कारण आमच्या घरात छापील अक्षर वाचणारी मी एकटीच. मातीतल्या मोठ्या झाडाला लिटरला एक चमचा, पंधरा दिवसांतून एकदा. कोकोपीटला अर्धा चमचा. नुसत्या पाण्यावरच्या झाडांना पाव, तेही खत मोजायचं मीटर लावून. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: दोन-चार पानांच्या रोपांना चिमूटभर, आठवड्यातून एकदा.

कंपनीचे साहेब इंदूरचे. ते प्रेमराजला एकच सांगायचे, "ऑल इन वन है, भैया." प्रेमराजने त्याचं आपल्या बोलीत केलं. आधी तो म्हणायचा, "बठ्ठं एकमा शे", सगळं एकात आहे. ते बरोबर होतं. पण माणसाची जीभ सोपं ते धरते. चार-आठ दिवसांत त्याचं झालं, "बठ्ठासले एकच". सगळ्यांना एकच. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. झाडाच्या मुळाला विचारा काय फरक आहे तो.

मेच्या शेवटी साहेबांनी आमच्या नर्सरीत प्रात्यक्षिक ठेवलं. पंचवीस-तीस शेतकरी, वर मांडव, थंड पाण्याचे जार. एका बाजूला मातीच्या पिशव्यांत मिरची, मध्ये मिरचीच्याच रोपांचे कोकोपीटचे ट्रे, टोकाला पांढऱ्या पाइपांत नुसत्या पाण्यावर वाढवलेली पालेभाजी. एक पावडर, तीन ठिकाणी. आजपासून सुरू करायचं आणि पंधराव्या दिवशी सगळ्यांनी परत यायचं, बघायला. अक्कांचा ट्रे मधल्या बाकड्याच्या शेवटी होता, जाळीच्या सावलीत. तो तिथे मीच ठेवला होता.

शेतकऱ्यांमधल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पाण्यात किती टाकायची? साहेब प्रेमराजकडे बघू लागले. प्रेमराज काही बोलायच्या आत मी पुढे झाले आणि सांगितलं. मातीला एवढी, भुशाला त्याच्या निम्मी, पाण्याला त्याच्या निम्मी, कारण माती जास्तीचं खत धरून ठेवते, भुसा धरत नाही, आणि पाण्यात तर मुळं उघडीच असतात. मी नीट सांगत होते. म्हातारा मान डोलवत होता. दोघांनी तर वही काढली.

प्रेमराज हसला. "तिन्हं मनवर लेऊ नका, भाऊ. कॉलेजना पोपट शे ती." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दिपमाला, चहा लई ये."

लोक हसले. साहेबही हसले, त्यांना काही कळलं नसेल तरी. ज्यांनी वही काढली होती त्यांनी ती मिटली. मी आत गेले. आठ वर्षं त्या नर्सरीत माझे हात आहेत. कुठल्या ट्रेला पाणी कमी पडलं ते मी लांबून पान बघून सांगते. आणि मी पोपट. चुलीपुढे उभी राहून माझा जीव असा जळत होता की चहा उतू गेला तरी मला दिसला नाही.

तेवढ्यात तो मागच्या दाराशी आला. हातात पुडा, घाईत. बाहेर कौतिक टाकीच्या शिडीवर उभा होता. कौतिक आमच्याकडचा जुना गडी, सांगितलं तेवढं करणारा, आणि सांगितलं त्यापेक्षा कमीही न करणारा. प्रेमराजला मोठ्या टाकीतच पावडर कालवायची होती. सगळ्या नळ्या त्याच टाकीवरून जातात. लोकांसमोर आता चुकतो की काय अशी भीती त्याच्या तोंडावर दिसत होती, आणि ती मला आवडली.

"दिपमाला, बठ्ठासले एकच ना?"

मी चहा गाळत होते. मला समजलं होतं तो काय विचारतोय. तो माप विचारत होता. एका लिटरला एक चमचा, माती, भुसा, पाणी, सगळ्यांना तेच ना? हे मी स्पष्ट लिहिते, कारण यानंतर मी सगळ्यांना वेगळं सांगितलं आहे.

"हां," मी म्हटलं. "बठ्ठासले एकच."

तो गेला. बाहेर पुडा फाडल्याचा आवाज आला. अक्कांचा ट्रे त्याच नळीवर आहे हे मला तेव्हा आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं. हाक मारायला वेळ होता. मी कप मोजले, एक कमी होता, तो घेतला आणि चहा घेऊन बाहेर गेले. मनात म्हटलं, होऊ दे. दोन दिवसांत पानांच्या कडा करपतील, त्याला साहेबासमोर घाम फुटेल, मग मी साध्या पाण्याने ट्रे धुऊन काढीन आणि रोपं वाचवीन. मग बघू पोपट कोण ते. आपल्याकडे म्हण आहे, नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. लहानपणी ती ऐकून मला वाटायचं, अशी बाई कुठे असते.

त्याच दुपारी प्रेमराज साहेबांबरोबर धुळे, शिरपूरच्या दुकानदारांकडे गेला, दोन दिवसांसाठी. कौतिकला सांगून गेला: सकाळ-संध्याकाळ टाकीचं पाणी सोड, सगळ्यांना.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमधल्या मिरचीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण मला फार बरं वाटलं. मी फोटोही काढला. अक्कांची रोपं मान धरून होती. पानं जरा जास्तच गडद, इतकंच. अक्कांनी मोजली, एक्केचाळीस, आणि चहा प्याल्या. म्हणाल्या, रंग चढलाय वं. मी हो म्हटलं.

तेव्हाच धुवायला हवं होतं. मला माहीत होतं की तेव्हाच धुवायला हवं होतं. पण प्रेमराजचा फोन आला, संध्याकाळपर्यंत येतो, आणि मला वाटलं त्याने हे आपल्या डोळ्यांनी बघावं. धुतल्यावर काय दिसणार होतं? संध्याकाळी परत फोन, धुळ्यालाच थांबतोय. मी कौतिकला पाणी सोडू नको म्हणाले नाही. त्याने सोडलं.

तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की जाळीखाली उभं राहवत नव्हतं. अकराच्या सुमाराला मी गेले तर सगळे ट्रे झोपलेले. पाइपांतली पालेभाजी चिखल झाली होती. अक्कांचा ट्रे बघितला. काही रोपं आडवी, काहींच्या देठाशी दोऱ्याएवढी काळी रेघ, आणि भुशावर पांढरी साय धरलेली, खताची.

मी धावले नळाकडे. टाकीत पावडरीचंच पाणी. नर्सरीतले सगळे नळ त्याच टाकीवर, घरात नळ नाही. विहिरीची मोटर सुरू करायला गेले तर वीज नव्हती. आमच्या फीडरला ती दुपारी चारला येते. मग मी घरातले पिण्याचे दोन हंडे उचलले आणि ट्रेवर ओतले. ते संपले. कळशी आणि दोर घेऊन विहिरीवर गेले. कौतिक मदतीला आला. माझ्या हाताची सालटं निघाली. दुसरी कळशी येईतोवर आधीची उन्हाने सुकून जायची. चार वाजता वीज आली तेव्हा ट्रेमध्ये उभं असं एकही रोप नव्हतं.

हा सगळा वेळ अक्का दारात बसून बघत होत्या. गुडघ्यामुळे त्यांना लवकर उठवत नाही. उठून आल्या तेव्हा त्यांनी रोपांना हात लावला नाही. ट्रेच्या कडेची पांढरी साय बोटाने उचलली आणि जिभेला लावली.

"खारं शे," त्या म्हणाल्या. मग कौतिकला, "कितलं टाकं?"

"बठ्ठासले एकच, अक्का. एक लिटरले एक चमचा. भाऊनी सांगं."

"भाऊले कोनी सांगं?"

कौतिक माझ्याकडे बघू लागला. खोटं बोलायची त्याला सवय नाही. "वहिनीनी," तो म्हणाला. "भाऊ तसं म्हनी राहिंता."

अक्का माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं विचारायचं होतं, जसं बाजारात भाव विचारतात. "तू सांगं?"

तिथे एक शब्द पुरला असता. हां. अक्कांनी शिव्या दिल्या असत्या, कदाचित वर्षभर बोलल्या नसत्या, आणि मग कधीतरी पोटात घातलं असतं. त्या तशा आहेत. पण माझ्या तोंडातून निघालं ते असं: "मी पावडर एकच म्हनं, अक्का. माप नही सांगं."

पावडर एकच म्हणाले, माप सांगितलं नाही. शब्द न् शब्द खरा. पावडर एकच आहे, सगळ्यांना चालते, पुड्यावर लिहिलं आहे. कोर्टातसुद्धा टिकलं असतं. अक्कांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, हाताला हळद लाव.

प्रेमराज संध्याकाळी आला तेव्हा त्याला दारातच धरलं त्यांनी. तो म्हणाला, ऊन लागलं असेल. मग म्हणाला, मी दिपमालाला विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, ती पावडर म्हणाली, तू माप समजलास. "तुन्हा हात लागना आनि बठ्ठं गयं." प्रेमराजने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की तो ओरडेल. पण त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं त्याने नेमकं काय विचारलं होतं. इतकं बोलणाऱ्या माणसाला एखादं वाक्य कशाला लक्षात राहील? त्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून माय-लेक कामापुरतं बोलतात.

पंधराव्या दिवशी शेतकरी परत आले. मेलेले ट्रे आणि पाइप आधीच पत्र्याआड गेले होते. मातीच्या पिशव्यांतली मिरची मात्र एवढी फोफावली होती की लोक हात लावून बघत होते. पंधरा दिवसांतून एकदा द्यायचं खत दिवसातून दोनदा गेलं होतं, तरी मातीने सांभाळून घेतलं होतं. साहेब खूष. आणि त्यांना तो शब्द फार आवडला, बठ्ठासले एकच. म्हणाले, इकडे हेच लावू, पाट्यांवर, पुड्यांवर.

मी मधल्या काळात एसटीने फैजपूरला जाऊन आले. बाजारात अक्कांच्या वांग्याचा जुना फोटो दाखवत फिरले. सगळे म्हणायचे, हेच ते, हेच, आणि दुसरंच वांगं हातात द्यायचे. चांगली होती. भाजली, भरीत केलं. अक्का एक घास खाऊन चांगलं आहे म्हणाल्या आणि ताटाच्या कडेला सारलं. ती पत्र्याची डबी त्यांनी घासून धुतली आणि तिच्यात गुडघ्याच्या गोळ्या ठेवायला लागल्या.

जूनमध्ये प्रेमराज कंपनीचा कागद घेऊन आला. टेम्पोवर भोंगा लावून गावोगाव जाहिरात फिरवायची होती आणि साहेबांना बाईचा आवाज हवा होता. शिकलेल्या बाईचा. त्याला वाटलं मला आनंद होईल. खरं तर मला खूष करायचाच त्याचा विचार होता. प्रात्यक्षिकाच्या दिवसाबद्दल त्याने माफी कधी मागितली नाही, पण हीच ती माफी होती. मी कागद वाचला.

"हे मापाचं वाक्य काढ," मी म्हटलं.

"सायेबनी लिखेल शे. काबरं? चुकीचं शे का?"

चुकीचं आहे, म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग त्या दिवशी तू काय सांगितलंस? तो विसरला होता, पण इतकाही नाही. मी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि वाचलं. दोनदा वाचावं लागलं, पहिल्यांदा आवाज नीट आला नाही.

तो टेम्पो आमच्या रस्त्याने इतक्या दिवसांत कधी गेला नव्हता. चोपड्याकडे, पारोळ्याकडे फिरत होता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, तो अमळनेरहून धुळ्याकडे निघाला. मी आणि अक्का ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. आवाज आधी लांबून आला, तेव्हा मला माझाच आवाज ओळखू आला नाही. अक्कांना आला. त्यांचा हात थांबला.

टेम्पो अगदी नर्सरीच्या फाटकासमोर हळू झाला. बहुधा ड्रायव्हरला वाटलं असेल, एजंटचंच घर, ऐकवावं.

"माती असो, कोकोपीट असो, नाहीतर नुसतं पाणी. मोठं झाड असो की लहान रोप. एका लिटरला एक चमचा. एकांकुर, बठ्ठासले एकच."

ते दोनदा वाजलं. मग टेम्पो पुढे गेला आणि पुलापर्यंत ऐकू येत राहिला. मी शेंगांकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं, की ते साहेबांनी लिहिलंय, मी फक्त वाचलं, की मी वाक्य काढायला सांगितलं होतं. हेही शब्द न् शब्द खरं होतं.

अक्कांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"आते माप बी सांगं तू," त्या म्हणाल्या, आणि फोडलेल्या दाण्यांचं सूप स्वतःकडे ओढून घेतलं.